विशेष शाळांतील उन्हाळी उपक्रम आणि छात्राध्यापकांची नियुक्ती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(विशेष संदर्भ : कोंढा परिसर, जि. भंडारा)

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानपट्ट्यात वसलेले गाव आहे. शेजारच्या कोसरा गावासह त्याचा उल्लेख कोंढा-कोसरा असा जोडीनेच होतो. या परिसरातील कर्णबधिर, अंध किंवा मतिमंद बालकाच्या शिक्षणाचा प्रश्न सामान्य बालकाच्या शिक्षणापेक्षा वेगळ्या स्वरूपाचा आहे. विशेष शाळा प्रामुख्याने जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी आणि नागपूरसारख्या शहरात एकवटलेल्या असल्यामुळे खेड्यातील अशा बालकाला वर्षाचा मोठा काळ वसतिगृहात काढावा लागतो. उन्हाळी सुटी लागली की वसतिगृह रिकामे होते आणि बालक घरी परतते. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. उर्वरित महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्यास सुरू होतात. त्यामुळे येथील सुटी सुमारे आठ आठवड्यांची, म्हणजे राज्यातील सर्वांत दीर्घ सुट्यांपैकी एक ठरते.

या आठ आठवड्यांत विशेष बालकाला कोण शिकविणार, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेत असलेले छात्राध्यापक हे त्याचे सहज सुचणारे उत्तर होय. कारण तेही त्याच काळात आपापल्या गावी असतात. परंतु छात्राध्यापकाला कोणत्या नात्याने कामावर घ्यावे, त्याला मोबदला द्यावा काय आणि त्याच्या कामाची जबाबदारी कोणी घ्यावी, हे प्रश्न महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत अनिर्णीत राहिले आहेत. ते अनिर्णीत का राहिले, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हे या लेखनाचे उद्दिष्ट आहे. विवेचनात ‘अपंग’ व ‘मतिमंद’ हे शब्द त्या त्या काळाच्या प्रशासकीय परिभाषेनुसार, तर ‘दिव्यांग’ हा शब्द अलीकडील काळाच्या संदर्भात वापरला आहे.

आरंभीच्या विशेष शाळा आणि उमेदवारीची परंपरा

पश्चिम भारतात विशेष शिक्षणाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८८५ मध्ये मुंबई येथे बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांसाठी शाळा स्थापन झाली. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईतच अंधांसाठी शाळा काढली आणि १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेची भर पडली. पुण्यात १९३४ मध्ये अंधशाळा सुरू झाली. मतिमंद बालकांकडे समाजाचे लक्ष त्यानंतर गेले. १९४४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली जय वकील शाळा आणि १९६४ मध्ये पुण्यात सिंधुताई जोशी यांनी सुरू केलेली ‘कामायनी’ या त्या क्षेत्रातील महत्त्वाच्या संस्था होत. विदर्भात नागपूरच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनचे आणि वरोऱ्याजवळील आनंदवनातील अंध व कर्णबधिर शाळांचे कार्य सर्वपरिचित आहे.

आरंभीच्या या शाळांना प्रशिक्षित शिक्षक आयते मिळणे शक्यच नव्हते. नव्याने आलेल्या शिक्षकाने अनुभवी शिक्षकाच्या शेजारी बसून ब्रेल, ओष्ठवाचन किंवा हस्तव्यवसाय शिकावा आणि शिकता शिकता शिकवावे, हीच प्रशिक्षणाची रीत होती. मराठी व्यवहारात अशा नवशिक्याला ‘उमेदवार’ म्हणतात. सुताराच्या किंवा छापखान्याच्या उमेदवाराप्रमाणेच विशेष शाळेतील उमेदवारही शाळेच्या कामाचा भाग असे. त्याचे शिकणे आणि त्याचे काम यांत भेद केला जात नव्हता. या व्यवस्थेचे दोष उघड आहेत. ज्ञानाचे प्रमाणीकरण नव्हते आणि एका संस्थेतील चुकीची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाण्याचा धोका होता. तथापि एक गोष्ट तिच्यात स्पष्ट होती : जो शिकत आहे तो कामही करत आहे, हे संस्थेला मान्य होते.

विद्यावेतनाकडून शुल्काकडे

शिकणाऱ्या शिक्षकाला मोबदला द्यावा की त्याच्याकडून शुल्क घ्यावे, या प्रश्नाला जुना इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८४६ मध्ये विद्यार्थी-शिक्षकांची पद्धत अधिकृतपणे सुरू झाली. वयाच्या तेराव्या वर्षी मुलाला किंवा मुलीला पाच वर्षांच्या कराराने शाळेत घेतले जाई आणि त्याला वर्षाला १० पौंडांपासून २० पौंडांपर्यंत चढते विद्यावेतन मिळे. भारतातही ब्रिटिश काळातील नॉर्मल स्कूलमध्ये देशी शाळांसाठी तयार होणाऱ्या प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन देण्याची प्रथा होती. शिक्षक घडविणे हा शासनाचा खर्च आहे, ही धारणा त्यामागे होती.

स्वातंत्र्योत्तर काळात ही धारणा क्रमशः मागे पडली. महाराष्ट्रात १९८० च्या दशकापासून विनाअनुदानित अध्यापक विद्यालयांची संख्या वाढली आणि प्रशिक्षणार्थी हा विद्यावेतन घेणाऱ्याऐवजी शुल्क भरणारा झाला. विशेष शिक्षणाच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांतही हाच क्रम दिसतो. अभ्यासक्रमातील सराव पाठ, पाठ टाचणे, निरीक्षणे, व्यक्ती-अभ्यास आणि आंतरवासिता किंवा छात्रसेवाकाल यांच्या निमित्ताने छात्राध्यापक अनेक आठवडे विशेष शाळेत काम करतो. वर्ग सांभाळतो, शैक्षणिक साधने तयार करतो, जेवणाच्या व स्वच्छतेच्या वेळी बालकांना मदत करतो. परंतु कागदोपत्री हे सर्व त्याचे ‘प्रात्यक्षिक’ असते आणि त्याची नोंद गुणपत्रिकेत होते. शाळेच्या हजेरीपटावर त्याला स्थान नसते.

वैद्यकीय शिक्षणाशी तुलना केल्यास हा भेद ठळक होतो. आंतरवासी डॉक्टर शिकत असतानाच रुग्णसेवा करतो आणि त्यासाठी विद्यावेतन घेतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील शिकाऊ कामगारालाही विद्यावेतनाचा हक्क दिला. शिक्षकी पेशात मात्र पूर्ण प्रशिक्षित व्यक्तीच्याही वाट्याला उमेदवारी आली. २००० मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेनुसार प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये, माध्यमिक शिक्षकाला ४,००० रुपये आणि कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकाला ५,००० रुपये मानधन ठरविण्यात आले. पुढे २०२३ मध्ये हे मानधन अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाले. जेथे पात्रताधारकाच्या श्रमाचे मूल्य इतके सावधपणे ठरविले गेले, तेथे अद्याप पात्रता न मिळालेल्या छात्राध्यापकाच्या श्रमाचा हिशेब मांडला जाणे कठीणच होते.

नोंदणीचा कायदा आणि त्याची दुसरी बाजू

विशेष शिक्षणाच्या क्षेत्रातील प्रशिक्षणाला शिस्त लावण्याचे श्रेय भारतीय पुनर्वसन परिषदेला जाते. ही परिषद १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून अस्तित्वात आली, १९९२ च्या अधिनियमाने तिला वैधानिक आधार मिळाला आणि २२ जून १९९३ पासून ती वैधानिक संस्था म्हणून कार्य करू लागली. तत्पूर्वी मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेने कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बळ दिले होते. परिषदेने अभ्यासक्रम ठरविले, संस्थांना मान्यता दिली आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय पुनर्वसन नोंदवही ठेवली.

या अधिनियमाचे १३ वे कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. मान्यताप्राप्त अर्हता असलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीखेरीज इतर कोणालाही शासकीय वा स्थानिक प्राधिकरणाच्या संस्थेत पुनर्वसन व्यावसायिकाचे पद धारण करता येत नाही किंवा तो व्यवसाय करता येत नाही. उल्लंघन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. विशेष शिक्षकाचा समावेश या व्यावसायिकांत होतो.

ही तरतूद बालकांच्या हिताची होती, यात शंका नाही. ‘दया असली की पुरे’ या समजुतीने कोणालाही अपंग मुलांपुढे उभे करण्याची प्रथा तिने अवैध ठरविली. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणामही झाला. कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती एक तर नोंदणीकृत व्यावसायिक असते किंवा नसते. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या छात्राध्यापकासाठी स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे उन्हाळ्यात त्याची मदत घेऊ इच्छिणाऱ्या संस्थेपुढे दोनच वाटा उरल्या : त्याच्या कामाला सराव म्हणावे किंवा स्वयंसेवा म्हणावे. दोन्ही वाटांवर मोबदला नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, पर्यवेक्षणाची लेखी जबाबदारीही कोणावर येत नाही. उमेदवारीच्या जुन्या परंपरेत शिकणे आणि काम यांची जी गाठ होती, ती प्रमाणीकरणाच्या काळात सुटली आणि नव्याने बांधली गेली नाही.

सुटी : कोणाची आणि कशासाठी ?

दीर्घ उन्हाळी सुटी ही सामान्य शाळेची व्यवस्था विशेष शाळेने जशीच्या तशी स्वीकारली. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कार्यदिन निश्चित केले. सामान्य बालकाच्या बाबतीत उरलेले दिवस विश्रांतीचे, खेळाचे आणि मामाच्या गावाचे असतात. विशेष बालकाच्या बाबतीत त्याच दिवसांचा अर्थ बदलतो.

कर्णबधिर बालक शाळेत खुणांच्या भाषेत बोलते. घरी आई-वडिलांना आणि भावंडांना ती भाषा बहुधा येत नाही. दोन महिने त्याचे बोलणे जेवण, पाणी, झोप एवढ्या गरजांपुरते आक्रसते. मतिमंद बालकाने वर्षभराच्या कष्टाने मिळविलेली स्वावलंबनाची कौशल्ये, म्हणजे स्वतः शर्टाची बटणे लावणे, ताट धुणे, शौचाची सूचना देणे, सराव तुटल्यास मागे पडतात. जूनअखेरीस शिक्षकाला पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. धानपट्ट्यात आणि लगतच्या जंगलपट्ट्यात उन्हाळा हा मोहफुले आणि तेंदूपत्ता संकलनाचाही काळ आहे. घरातील हात पहाटेच कामावर निघतात आणि मागे राहिलेल्या बालकाची राखण वृद्ध आजीवर किंवा लहान बहिणीवर येते. बहिणीच्या सुटीचाही त्यात बळी जातो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

या प्रश्नाचा न्यायालयीन निवाडा प्रथम अमेरिकेत झाला, म्हणून त्या उदाहरणाचा विचार येथे उपयुक्त ठरतो. तेथे १९७५ मध्ये अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा संमत झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यात मात्र कोणत्याही बालकाला वर्षातून १८० दिवसांपेक्षा अधिक शिक्षण न देण्याचा प्रघात होता. तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांच्या पालकांनी त्याला आव्हान दिले. १९७९ मध्ये आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन या खटल्यात न्यायालयाने १८० दिवसांचा सरसकट नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि १९८० मध्ये अपील न्यायालयानेही पालकांच्या बाजूने निर्णय दिला. सुटीत बालक किती मागे जाते आणि गमावलेले परत मिळविण्यास त्याला किती काळ लागतो, हा निकष या वादातून पुढे आला. तेथील संघीय नियमांनुसार, बालकाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात गरज नोंदविलेली असल्यास शालेय वर्षाबाहेरची सेवा पालकांकडून शुल्क न घेता द्यावी लागते. उन्हाळी वर्ग हा उपकार न राहता हक्क झाला, तेव्हा त्यासाठी मनुष्यबळ नेमणे आणि त्याला वेतन देणे ही यंत्रणेची जबाबदारी ठरली.

भारतीय कायद्यात असा स्पष्ट उल्लेख नसला, तरी त्याची बीजे आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या बालकांचा ६ ते १८ वर्षांपर्यंतचा मोफत शिक्षणाचा हक्क कायम ठेवला आणि शिक्षक प्रशिक्षित करणे व नेमणे हे शासनाचे कर्तव्य मानले. हक्क मान्य झाला. परंतु त्याला शाळेच्या दिनदर्शिकेची कुंपणे तशीच राहिली.

स्वयंसेवेची परंपरा आणि तिच्या मर्यादा

उन्हाळ्यातील विधायक कार्य विदर्भाला नवे नाही. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने मे महिन्याच्या उन्हात राज्यभरातील तरुणांना एकत्र आणण्याची परंपरा निर्माण केली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालयीन युवकाला खेड्याशी जोडले. अनेक विशेष शाळांत आणि पालक संघटनांत उन्हाळी छंदवर्ग भरतात, त्यांचा भारही बव्हंशी अशाच उत्साही तरुणांवर असतो.

या परंपरेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु रस्ता बांधणे आणि बालकाला भाषा शिकविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. श्रमदान आठवड्यात पूर्ण होऊ शकते. स्वमग्न बालकाचा विश्वास संपादन करण्यातच आठवडा जातो. स्वयंसेवक मध्येच निघून गेल्यास त्याला जाब विचारता येत नाही. शिवाय विनामोबदला काम तोच करू शकतो, ज्याच्या घरी उन्हाळ्याच्या मजुरीची गरज नाही. पवनी तालुक्यातील शेतमजुराच्या घरातून आलेल्या छात्राध्यापिकेपुढे रोजंदारी आणि विनामूल्य शिबिर असा पर्याय असेल, तर ती कोणता निवडेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांना बालकांची बोली, घर आणि परिस्थिती ठाऊक आहे, त्याच व्यक्ती अशा रीतीने या कामातून बाहेर राहतात.

अलीकडील काळात शासनाने अन्य क्षेत्रांत वेगळी दिशा स्वीकारलेली दिसते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्ण उमेदवाराला दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० रुपये आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन देण्याचे ठरले. शिकणाऱ्याच्या कामाला मोबदला असावा, हे तत्त्व या निमित्ताने राज्याच्या धोरणात पुन्हा आले. विशेष शाळांच्या उन्हाळी उपक्रमांना ते लागू करण्यास तत्त्वतः अडचण दिसत नाही.

कोंढा परिसराच्या संदर्भात विचार

विशेष शिक्षणाचे केंद्र गेल्या पाच दशकांत हळूहळू सामान्य शाळेकडे सरकले आहे. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग बालकांसाठी एकात्म शिक्षण योजना आणली, पुढे सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ पासून समग्र शिक्षा यांतून समावेशित शिक्षणाची कल्पना रुजली. २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सामान्य शाळांतील विशेष गरजा असलेल्या बालकांसाठी प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे व पुढील स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण धरले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रशाळा स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला.

केंद्रस्तरावरील या पदांमुळे कोंढ्यासारख्या गावासाठी एक नवी शक्यता निर्माण होते. उन्हाळ्यात बालकाला दूरच्या वसतिगृहात रोखून धरणे त्याच्यावर आणि त्याच्या कुटुंबावर अन्याय करणारे ठरेल. त्याऐवजी गावाच्या परिसरातच, सकाळी सात ते दहा या उन्हाआधीच्या वेळेत, केंद्रशाळेच्या इमारतीत सहा आठवड्यांचा वर्ग चालविता येईल. केंद्राच्या नोंदणीकृत विशेष शिक्षकाने पर्यवेक्षण करावे आणि परिसरातील छात्राध्यापकांना ‘उन्हाळी साहाय्यक’ म्हणून विद्यावेतनावर घ्यावे. यामुळे १३ व्या कलमाचा हेतू अबाधित राहतो. कारण साहाय्यक हा विशेष शिक्षकाचे पद धारण करीत नाही, तो त्याच्या मार्गदर्शनाखाली काम करतो. नोंदणीकृत शिक्षकाला सुटीतील कामाबद्दल अर्जित रजा अथवा स्वतंत्र मोबदला मिळणे मात्र आवश्यक आहे, अन्यथा एका घटकाच्या विनामूल्य श्रमाची जागा दुसऱ्याचे विनामूल्य श्रम घेतील.

नियुक्तीच्या पद्धतीबाबत काही दक्षता अपरिहार्य आहेत. बोलू न शकणारे बालक आपल्यावरील अन्याय सांगू शकत नाही. म्हणून निवडीपूर्वी चारित्र्य पडताळणी, वर्गात एकाच वेळी किमान दोन प्रौढांची उपस्थिती, मुलींच्या गटासाठी महिला साहाय्यक आणि २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमाची माहिती या बाबी ऐच्छिक मानता येणार नाहीत. निवड अध्यापक विद्यालयाच्या शिफारशीने व्हावी, बालकाच्या मूळ विशेष शाळेने वैयक्तिक आराखड्याची प्रत साहाय्यकाला द्यावी आणि वर्ग संपताना साहाय्यकाने बालकाच्या प्रगतीची लेखी नोंद त्या शाळेकडे पाठवावी. ही नोंदच उन्हाळी कामाचा खरा पुरावा ठरेल. छात्राध्यापकाच्या आंतरवासितेचे काही दिवस या कामातून वजा करून देण्याचा विचारही परीक्षा यंत्रणेला करता येईल. मात्र गुण आणि विद्यावेतन यांपैकी एक घ्या, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवू नये.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाच्या इतिहासात शिकणाऱ्या शिक्षकाची तीन रूपे दिसतात. आरंभीच्या शाळांत तो उमेदवार होता. संस्थेत त्याला स्थान होते, परंतु शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नव्हते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या काळात तो छात्राध्यापक झाला; प्रशिक्षण मिळाले, परंतु कामाची ओळख हरवली. शिबिरांत तो स्वयंसेवक झाला. सद्भावना मान्य झाली, परंतु जबाबदारी आणि मोबदला दोन्ही वगळले गेले. उन्हाळी उपक्रमांचा प्रश्न सुटत नाही, याचे कारण ही तीन रूपे परस्परांपासून अलग ठेवली गेली, हे आहे. उमेदवाराचे स्थान, छात्राध्यापकाचे ज्ञान आणि स्वयंसेवकाची आस्था एका नियुक्तिपत्रात एकत्र आणणे अशक्य नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांतील शालेय वयाच्या ग्रामीण बालकासाठी आठ आठवड्यांचे मौन ही प्रतिवर्षी होणारी हानी आहे आणि ती भरून काढण्यात पुढील सत्राचे कित्येक आठवडे खर्ची पडतात. कोंढा परिसरासारख्या ठिकाणी पदे मंजूर होत आहेत, इमारती सुटीत रिकाम्या असतात आणि प्रशिक्षण घेणारे तरुण गावात असतात. उणीव आहे ती छात्राध्यापकाच्या कामाला काम म्हणण्याची. ती दूर झाल्यास बालकाला उन्हाळा आणि भावी शिक्षकाला पहिली मिळकत, दोन्ही एकाच वेळी मिळू शकतील.